कॉलेज फुटबॉलचं हाइजमन : चांगल्या खेळाडूला की माहितीतल्या नावाला?

बॉइसीकर | १५ डिसेंबर २०२४

काल संध्याकाळपासून आमच्या घरात सुतक आहे. मुलगा नववीत आहे, जेवला नाही, जॅकेट घालून मागच्या अंगणात बर्फात जाऊन उभा राहिला. कारण हाइजमन ट्रॉफी आमच्या बॉइसी स्टेटच्या ॲश्टन जेंटीला न मिळता कोलोराडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली. २२३१ विरुद्ध २०१७ पॉइंट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला हे हाइजमन देतात, १९३५ पासून. आणि आम्ही राहतो बॉइसीला, आयडाहो राज्यात, बटाटेवाल्या. (इथे कोणी बॉय-झी म्हटलं की माणूस बाहेरचा हे कळतं, स्थानिक लोक बॉय-सीच म्हणतात.) इथल्या युनिव्हर्सिटीचं मैदान निळं आहे, खरंच निळं, १९८६ पासून. मी बारा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतल्या नोकरीसाठी आलो तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मुलामुळे लागलेला नाद आहे.

या सीझनला आम्ही चार मॅचेस स्टेडियममध्ये बसून पाहिल्या. जेंटी उंचीने माझ्याएवढाच, म्हणजे फार नाही. बॉल सुरू व्हायच्या आधी बाकीचे सगळे वाकून दबा धरून असतात आणि हा मागे हात खाली सोडून सरळ उभा, बस स्टॉपवर ठाणे लोकलची... सॉरी, बसची वाट बघत असल्यासारखा. मग बॉल हातात आला की दोघं तिघं अंगावर येतात, आपल्याला वाटतं पडला, आणि त्या ढिगाऱ्यातून एक पाय बाहेर येतो, मग दुसरा, मग तो सुटलेला असतो. पहिल्याच मॅचला २६७ यार्ड (बॉल घेऊन जेवढं पुढे पळाला ते अंतर) आणि ६ टचडाउन (समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात बॉल नेला की एक). मतदानापर्यंत २४९७ यार्ड, २९ टचडाउन. बॅरी सँडर्सचा १९८८ चा, एका सीझनमधल्या २६२८ यार्डांचा रेकॉर्ड हातभर अंतरावर.

माझा प्रश्न साधा आहे. हंटर शाळेत असतानाच देशातला एक नंबरचा म्हणून गाजलेला, कोच डीऑन सँडर्स, जुना स्टार खेळाडू, म्हणजे स्वतःच चालतं फिरतं चॅनल, कोलोराडो मागच्या वर्षी १२ पैकी ८ मॅच हरली तरी कॅमेरे हलले नाहीत. आमची मॅच मात्र शुक्रवारी रात्री, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या चॅनलवर. मग हे बक्षीस खेळाला मिळतं की नावाला?

---

उनाडपप्पू

आधी हे सांगा, फुटबॉल म्हणजे ज्यात पाय कमी आणि हात जास्त वापरतात तोच ना? मग ठीक. चटई टाकून बसलोय, चालू द्या.

---

मिशिगनमावशी

बॉइसीकर, मुलाला जेवायला घाला आधी. मग माझं ऐका, राग आला तरी.

हंटर दोन्ही बाजूंनी खेळतो हो. म्हणजे आपला बॉल असताना कॅच घेणारा तोच आणि समोरच्यांचा बॉल असताना त्यांच्या कॅचवाल्याला अडवणारा पण तोच. बाकीचे खेळाडू अर्धा वेळ बाकावर बसून पाणी पितात, हा बसतच नाही. आजच्या काळात असं कोण करतं? त्याला नावामुळे मिळालं म्हणणं म्हणजे अन्याय आहे.

आणि मला हे सांगायचा हक्क आहे कारण मी १९९७ पाहिलंय. आम्ही तेव्हा नवीन लग्न झालेले, ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावात, स्टुडंट हाउसिंगमध्ये, हे पीएचडी करत होते, घरात टीव्ही शेजाऱ्याने टाकून दिलेला, त्याला वरून एक टपली मारली की रंग यायचे. आमच्या मिशिगनचा चार्ल्स वुडसन. मूळचा डिफेन्सचा खेळाडू, पण पंट (समोरच्यांनी लाथेने लांब उडवलेला बॉल) परत आणायचा, मधूनच कॅचही घ्यायचा. ओहायो स्टेटच्या मॅचला त्याने पंट पकडून ७८ यार्ड पळत टचडाउन केला तेव्हा अख्खी बिल्डिंग ओरडली, आमच्या खालच्या मजल्यावरच्या कोरियन आजी बाहेर येऊन विचारायला लागल्या आग लागली का म्हणून. त्या वर्षी सगळ्यात मोठं नाव कोणाचं होतं? पेटन मॅनिंग! बाप आर्ची मॅनिंग, जुना गाजलेला खेळाडू, आणि हा स्वतः टेनेसीचा हिरो, सगळे म्हणत होते याचंच हाइजमन. आणि मिळालं वुडसनला. मुख्यतः डिफेन्स खेळणाऱ्याला पहिल्यांदाच. मग तेव्हा नाव कुठे गेलं होतं?

---

नॉक्सव्हिलकर

मावशी, मी हा धागा उघडायलाच नको होता.

मी २००९ मध्ये टेनेसीला आलो, म्हणजे त्या घटनेला बारा वर्षं झाली होती, तरी माझ्या पहिल्या घरमालकाने घराची किल्ली देताना कचऱ्याची गाडी कधी येते ते सांगितलं, तळघरात पाणी येतं ते सांगितलं, आणि वुडसनला हाइजमन कसं चुकीचं दिलं ते सांगितलं. याच क्रमाने. इथे तो विषय म्हणजे पानिपत आहे, कोण चुकलं यावर अजून भांडतात.

पण एक मुद्दा. पेटनचं नाव मोठं होतं हेच त्याच्या विरुद्ध गेलं असं मला वाटतं. चार वर्षं तोच तोच चेहरा, त्यात फ्लोरिडाच्या टीमला एकदाही हरवलं नाही, तर पत्रकार कंटाळले. नाव माहीत असणं आणि नाव ताजं असणं यात फरक आहे.

---

मिशिगनमावशी

नॉक्सव्हिलकर, फ्लोरिडाला हरवलं नाही हे तुम्हीच लिहिलंत हां, मी नाही :)

---

अंकगणित

मतदान कसं होतं ते कोणी सांगितलंच नाही, म्हणून थोडं.

देशाचे सहा विभाग केलेत, प्रत्येक विभागात १४५ पत्रकार, म्हणजे ८७०. शिवाय आधी ट्रॉफी जिंकलेले जे हयात आहेत ते सगळे, आणि प्रेक्षकांचं सगळं मिळून एक मत. प्रत्येकाने तीन नावं क्रमाने द्यायची, पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १.

आता गंमत इथे आहे. पहिलं नाव माणूस विचार करून देतो. पण तिसरं नाव? तिथे जे आठवेल ते. सहावीत 'कोणत्याही तीन नद्यांची नावे लिहा' आलं की गंगा यमुना लिहून झाल्यावर आपण काय करायचो, तसं. २००८ ला फ्लोरिडाच्या टिम टीबोला पहिल्या क्रमांकाची मतं सगळ्यात जास्त होती आणि तरी तो तिसरा आला, सॅम ब्रॅडफर्ड जिंकला. म्हणजे दुसऱ्या तिसऱ्या रांगेत कोण तुमचं नाव लिहितं यावर निकाल फिरतो.

आणि नावाचा खरा कळस १९५६. पॉल हॉर्नंग. नोत्र दाम, या खेळातलं बडं कॉलेज. टीम दहापैकी आठ मॅच हरलेली. याचे पास किती टचडाउनचे? ३. समोरच्यांच्या हातात गेलेले किती? १३. तरी हाइजमन. हरणाऱ्या टीममधून जिंकलेला आजवरचा एकमेव. त्याच वर्षी सिराक्यूजचा जिम ब्राउन, ज्याने कोलगेट विरुद्ध एका मॅचमध्ये एकट्याने ४३ पॉइंट काढले, तो पाचवा. ब्राउन कृष्णवर्णीय होता आणि तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला ही ट्रॉफी मिळाली नव्हती, पहिला एर्नी डेव्हिस १९६१ ला, तो पण सिराक्यूजचाच. त्यामुळे १९५६ ला फक्त 'नाव' म्हणून सोडून देता येत नाही, पण नोत्र दाम हे नाव नसतं तर ३ आणि १३ वाल्याला कोणी विचारलं असतं का?

---

तिरकस_आजोबा

मी सध्या मुलाकडे न्यू जर्सीत आहे. सहा महिने इथे, सहा महिने वाशी. थंडीमुळे बाहेर पडता येत नाही म्हणून हा खेळ पाहतो. नियम कळत नाहीत पण एक गोष्ट लक्षात आली. पुढे जे अकरा जण उभे राहतात त्यातले पाच लठ्ठ लोक दर वेळी समोरच्याच्या छातीवर जाऊन आदळतात आणि पडतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. कॅमेरा मागच्या सडपातळ माणसावर. त्या पाच जणांना आजवर किती ट्रॉफ्या मिळाल्या?

---

अंकगणित

आजोबा, तुमचे ते पाच जण म्हणजे गार्ड, टॅकल, सेंटर, यातल्या एकालाही हाइजमन नाही. शून्य. मजल गेली ती दुसऱ्या क्रमांकापर्यंतच, जसा ओहायो स्टेटचा जॉन हिक्स १९७३ ला. त्यांच्यासाठी आउटलंड ट्रॉफी वेगळी आहे, १९४६ पासून, पण मला सांगा इथे किती जणांनी ते नाव आज पहिल्यांदा ऐकलं?

---

ढगाळ

मी.

---

खालचाथर_ठाणे

आजोबांच्या पोस्टला माझ्या दोन्ही खांद्यांकडून अनुमोदन.

मी कॉलेजात असताना तीन वर्षं दहीहंडीला सगळ्यात खालच्या थरात होतो. खालच्याला काय दिसतं माहितीये? समोरच्याची मान. बस. वर काय चाललंय ते अंगावर वजन किती वाढलं त्यावरून कळतं, पाचवा लागला की गुडघा थरथरतो, आणि वरून कोणाच्या तरी पायाचा घाम मिसळलेलं पाणी कॉलरमध्ये उतरतं. हंडी फुटली हे पण आवाजावरून कळायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कोणाचा? वरच्या पोराचा, हंडीला लटकलेला. आमच्या थराचा फोटो आला होता एकदा, कमरेपासून खाली. माझ्या आईने माझी हाफ पँट ओळखली आणि तो कापून ठेवला.

त्या जेंटीच्या पुढचे पाच जण कोण होते, बॉइसीकर? नावं सांगा. बघू.

---

बॉइसीकर

...मुलाला विचारून सांगतो.

(त्याला तीन माहीत होती. मला एकही नाही. लाज वाटली, खरं सांगतो.)

---

उनाडपप्पू

कमरेपासून खालच्या फोटोला हाइजमन द्या रे कोणीतरी.

---

पाकिटवाला

नाव कसं तयार करतात यावर मी थोडं बोलू शकतो कारण मी दोन सेमिस्टर युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स ऑफिसात ताशी पगारावर काम केलंय. कुठली ते सांगत नाही, फार मोठी नाही. काम काय, तर पत्रकारांना पाठवायची पाकिटं भरायची. आमच्या एका खेळाडूचं कसलं तरी चकचकीत पत्रक, वर त्याचा फोटो, खाली आकडे, घड्या घालून घालून अंगठ्याला चिरा पडायच्या. बॉस म्हणायचा, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल, कचऱ्याच्या डब्यात टाकताना एकदा नाव दिसलं की काम झालं.

आमचं पत्रक म्हणजे काहीच नाही. १९९७ ला वॉशिंग्टन स्टेटने रायन लीफसाठी काय केलं, मतदारांना पाकिटात एक झाडाचं पान घालून पाठवलं. लीफ म्हणजे पान, म्हणून. तो तिसरा आला, मावशींच्या वुडसन आणि पेटनच्या मागे. १९९० ला बीवाययू युनिव्हर्सिटीने टाय डेटमरसाठी पुठ्ठ्याचे टाय पाठवले, तो जिंकला, अर्थात त्याने सप्टेंबरमध्ये एक नंबरच्या मायामीला हरवलं होतं, त्यामुळे टायचं श्रेय किती हा वादाचा विषय. मेम्फिसने २००५ ला डीअँजेलो विल्यम्ससाठी खेळण्यातल्या रेसिंग गाड्या वाटल्या. ऑरेगनने २००१ ला जोई हॅरिंग्टनचं भलंमोठं होर्डिंग थेट न्यूयॉर्कमध्ये लावलं, अडीच लाख डॉलर खर्च करून, आणि तो आला चौथा.

पण सगळ्यात भारी १९७०. नोत्र दामचा जो थीजमन. हो, थीजमन, घरचे तसंच म्हणायचे. तिथल्या प्रसिद्धी खात्याच्या माणसाने सांगितलं की आजपासून तू थाइजमन. म्हणजे हाइजमनशी यमक जुळतं. तो बिचारा तेव्हापासून आयुष्यभर थाइजमनच राहिला. आणि ट्रॉफी गेली स्टॅनफर्डच्या जिम प्लंकेटला, ज्याच्या नावाशी कशाचंच यमक जुळत नाही.

---

सातारी_पेढा

आपल्याकडे सोपं झालं असतं. थीजमन च्या जागी सरळ हाइजमनकर.

---

नॉक्सव्हिलकर

मूळ गाव हाइजमन, तालुका कराड.

---

उनाडपप्पू

'आमच्यात थीजमन म्हणत नाहीत हो, आमच्यात थाइजमन.' पुण्यात जमलं असतं हे.

---

रात्रपाळी

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात असतो. बॉइसीकर, तुमचं दुःख मला २०१५ पासून माहीत आहे. स्टॅनफर्डचा क्रिस्चन मॅकॅफ्री, पळणं, कॅच, बॉल परत आणणं सगळं मिळून ३८६४ यार्ड, बॅरी सँडर्सचा ३२५० चा रेकॉर्ड मोडला. हाइजमन अलाबामाच्या डेरिक हेन्रीला. का? आमच्याकडे मॅच संध्याकाळी साडेसातला सुरू झाली तर न्यूयॉर्कात साडेदहा वाजलेले असतात. तिथला पत्रकार दिवसभर चार मॅचेस पाहून, लेख पाठवून, पायजमा घालून झोपलेला. सकाळी उठून तो आकडे वाचतो. आकडे वाचणं आणि बघणं यात किती फरक आहे हे क्रिकेट रात्री दोनला उठून बघणाऱ्यांना मी सांगायला नको. स्कोअरकार्डवर कव्हर ड्राइव्ह दिसत नाही.

---

ढगाळ

रात्रपाळी, मॅकॅफ्रीपुरतं मान्य. पण इथे ते लागू होत नाही. बोल्डर (हंटरची युनिव्हर्सिटी तिथे) आणि बॉइसी एकाच टाइम झोनमध्ये आहेत! हंटरची संध्याकाळ आणि जेंटीची संध्याकाळ एकच. म्हणजे घड्याळाचा दोष नाही, लोकांना बोल्डरसाठी जागं राहावंसं वाटलं आणि बॉइसीसाठी नाही. मूळ प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

आणि बॉइसीकर, एक विचारू? कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात यंदा, २०२४ ला, १३४ टीम होत्या. तू या सीझनला हंटरच्या किती मॅचेस पूर्ण पाहिल्यास?

---

बॉइसीकर

एक. अर्धी. पण मी मतदार नाही ना.

---

ढगाळ

मतदार पण माणूसच असतो रे, एका शनिवारी साठ मॅचेस असतात, तो किती बघणार. नाव हा त्याचा शॉर्टकट आहे. बदमाशी असेलच असं नाही.

---

कोकणातली_उमा

इथे कोणाला मॅन्टाय टेओ आठवतोय का? २०१२, नोत्र दामचा लाइनबॅकर. मी तेव्हा शिकागोजवळ होते. सप्टेंबरमध्ये बातमी आली की त्याची आजी आणि मैत्रीण एकाच दिवशी गेली आणि तरी तो मैदानात उतरला. पूर्ण सीझन तीच गोष्ट, मॅच कुठलीही असो, कॉमेंटेटर दहा मिनिटांत मैत्रिणीवर यायचा. माझ्या ऑफिसातली बाई डबा खाता खाता रडली होती. डिफेन्सचा खेळाडू असून हाइजमनला दुसरा आला, टेक्सस ए अँड एमच्या जॉनी मँझेलच्या मागे. आणि जानेवारीत उघड झालं की आजी खरी होती पण मैत्रीण अशी कोणी नव्हतीच, कोणीतरी त्याला ऑनलाइन फसवत होतं. इतक्या मोठमोठ्या पत्रकारांपैकी एकानेही त्या मुलीची साधी मृत्यूची नोंद शोधली नव्हती.

पोरगा चांगलाच खेळत होता, त्याबद्दल वाद नाही. पण मतं खेळाला किती आणि गोष्टीला किती? नुसतं नाव पुरत नाही, नावामागे एक कथा लागते. हंटरची कथा 'दोन्हीकडून खेळतो' एवढ्या दोन शब्दांत सांगता येते. जेंटीची कथा सांगायला बॉइसीकरांना तीन परिच्छेद लागले.

---

मिशिगनमावशी

उमा, शेवटचं वाक्य अगदी पटलं गं.

---

खोडरबर

उलट उदाहरण देतो. १९८९, ह्यूस्टनचा आंद्रे वेअर. टीमवर बंदी, मॅचेस टीव्हीवर दाखवायलाच परवानगी नव्हती. म्हणजे कोणी पाहिलाच नाही जवळजवळ. तरी हाइजमन मिळालं. ४६९९ यार्ड पास, ४६ टचडाउन.

---

रात्रपाळी

खोडरबर, ते माझ्याच बाजूने जातं. तेव्हा एकूणच कमी मॅचेस दिसायच्या म्हणून सगळेच पेपरातल्या आकड्यांवर मत द्यायचे. न दिसणारा आणि दिसणारा एकाच रांगेत. आता सगळं दिसतं म्हटल्यावर जो दिसत नाही तो नसल्यातच जमा.

---

तिरकस_आजोबा

आमची आई म्हणायची, बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

---

कोकणातली_उमा

आजोबा, आमच्याकडे अंबाडी नाही, कुळीथ.

---

सातारी_पेढा

गव्हाच्या समोर कुळीथ? कुळीथ महाग झालेत हल्ली. अंबाडीच बरोबर आहे. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी...

---

कोकणातली_उमा

कुळथाच्या पिठल्याला नावं ठेवायची नाहीत.

---

खालचाथर_ठाणे

आला धागा स्वयंपाकघरात. दोनशे प्रतिसाद पक्के.

---

तिरकस_आजोबा

भाजी ठेवा बाजूला. पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, कसोटी एकही नाही. मी शिवाजी पार्कवर जाळीमागे उभा राहून त्यांना नेटमध्ये बघितलं आहे, चेंडू टप्पा पडल्यावर विचार करून वळायचा. पण तिकडे बेदीचं नाव होतं.

---

नॉक्सव्हिलकर

आजोबा, बेदीचं नुसतं नाव नव्हतं हो, बेदी होता.

---

तिरकस_आजोबा

तेच तर दुखणं आहे. समोरचाही चांगला असला की भांडायला कारण उरत नाही, फक्त वाईट वाटत राहतं. बॉइसीकरांच्या चिरंजीवांना सांगा, मला ५० वर्षं झाली तरी वाटतं.

---

बॉइसीकर | २ जानेवारी २०२५

आजोबांचा निरोप पोचवला. तो म्हणाला ५० वर्षं फार होतात.

अपडेट : परवा पेन स्टेटने आम्हाला ३१-१४ हरवलं. जेंटीला १०४ यार्डच मिळाले, एकूण २६०१. रेकॉर्ड २७ यार्डांनी हुकला. २७ यार्ड म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगची लांबी, मी मोजून पाहिली, डोकं फिरलेलं होतं. मॅक्सवेल अवॉर्ड मात्र त्याला मिळालं, तो पण वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूच म्हणून देतात, म्हणजे दोन 'सर्वोत्तम' झाले आणि लोकांच्या तोंडी एकच आहे. ट्रॉफ्यांनाही नाव लागतंच की.

---

ढगाळ | १४ डिसेंबर २०२५

धागा वर काढतोय, बरोबर एक वर्षाने.

काल इंडियानाच्या फर्नांडो मेंडोझाला हाइजमन मिळालं. इंडियाना! जिथे लोक फुटबॉल सीझन म्हणजे बास्केटबॉल सुरू व्हायच्या आधीचा टाइमपास समजायचे. पोरगा कॅलिफोर्नियाहून बदली घेऊन आलेला, ऑगस्टमध्ये कोणाच्या तोंडी नाव नव्हतं. आणि ऑगस्टमध्ये सगळीकडे कोणाचं नाव होतं? टेक्ससचा आर्च मॅनिंग. पेटनचा पुतण्या, आर्चीचा नातू. तोवर कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेल्या मॅचेस फक्त दोन! तरी सट्टेवाल्यांचा एक नंबरचा हाइजमन उमेदवार. पहिल्याच मॅचला ओहायो स्टेटकडून १४-७ हरले. हाइजमनच्या शेवटच्या चार नावांत आर्च नव्हता.

मग आता काय म्हणता, नाव चालतं की नाही?

---

नॉक्सव्हिलकर

मॅनिंग घराण्याला हाइजमन लाभत नाही. आर्ची १९७० ला तिसरा, पेटन दुसरा, आता हा. आमच्या जुन्या घरमालकाला फोन करतो, आनंद होईल की दुःख माहीत नाही.

---

सातारी_पेढा

नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा.

---

मिशिगनमावशी

असं नका म्हणू, वीस-एकवीस वर्षांचं पोर आहे ते. नाव त्याने थोडंच मागितलं होतं. सीझनच्या शेवटी बरा खेळला की.

---

अंकगणित

मेंडोझाने नावाचा मुद्दा खोडला असं मला वाटत नाही. इंडियाना एकही मॅच हरली नाही आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ओहायो स्टेटला १३-१० हरवलं, सगळा देश बघत असताना. म्हणजे मतदानाच्या आठवड्यात सगळ्यात ताजं नाव त्याचंच होतं. ऑगस्टचं नाव डिसेंबरपर्यंत शिळं होतं, पण ते तोंडातून काढायला समोर तेवढी मोठी मॅच लागते. जेंटीला तशी मॅच ओरेगनविरुद्ध मिळाली होती, १९२ यार्ड काढले त्याने, पण ती सप्टेंबरात, आणि टीम ३ पॉइंटनी हरली.

---

ढगाळ

बॉइसीकर कुठे आहे? मूळ प्रश्न त्याचा.

---

बॉइसीकर

आहे इथेच, वाचतोय. गप्प बसायचं ठरवलं होतं पण सांगून टाकतो.

ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसात पैज लागली. दर वर्षी लागते, प्रत्येकी १० डॉलर, एका कागदावर हाइजमनचं एक नाव लिहून कॉफी मशीनशेजारच्या डब्यात टाकायचं. मी दुपारच्या मीटिंगला उशीर होत होता म्हणून उभ्या उभ्या पेन उघडलं आणि लिहिलं.

आर्च मॅनिंग.

एक मॅच पाहिली नव्हती त्याची. एक सुद्धा.

---

खालचाथर_ठाणे

:फिदी: :फिदी:

---

उनाडपप्पू

स्क्रीनशॉट काढलाय.

---

तिरकस_आजोबा

मुलाला कळलं का?

---

बॉइसीकर

डबा काल संध्याकाळी उघडला, ग्रुपवर सगळ्यांच्या कागदांचे फोटो आले, आणि फोन त्याच्या हातात होता. काही बोलला नाही. माझ्या ताटात पोळी वाढली आणि विचारलं, बाबा, त्याच्या पुढच्या पाच जणांची नावं माहितीयेत का?